शिट्टी कोणासाठी?

"गाडीत बसून जायचं सोडून तुम्ही गाडीच्या मागं का धावता हो, सर?" हा प्रश्न आमच्या टिळकवाडीत आजवर निदान शंभर जणांनी मला विचारला असेल. विचारणारे बहुधा दुसऱ्या रेल्वे गेटपाशी स्कूटर बंद करून घड्याळाकडे बघत उभे असतात. त्यांच्या लेखी आगगाडी म्हणजे माणसाची दहा मिनिटे खाणारी वस्तू. मी त्याच गेटजवळ कॅमेरा गळ्यात घालून उभा असतो आणि गेट पडल्याचा आनंद झालेला त्या सबंध गर्दीत मी एकटाच असतो. कधी हसून, कधी 'छंद आहे झालं' असे म्हणून मी वेळ मारून नेत असे. मी गाडीच्या मागे का धावतो हे विचारणारे असे पुष्कळ भेटले; मी धावतो तेव्हा गाडी चालवणाऱ्याचे काय होते, हे सांगणारा मात्र एकच भेटला. हा लेख त्याच्यामुळे लिहितो आहे.

छंदाचे मूळ आजोळात आहे. आईचे माहेर गोव्यात, सावर्ड्याला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, वाटा मोकळ्या झाल्या, आणि आई आम्हां भावंडांना घेऊन दर उन्हाळ्यात लोंढ्यावरून माहेरी जाऊ लागली. मीटर गेजची गाडी, कोळशाचे इंजिन. कॅसलरॉक आले की मोठी माणसे हटकून सांगत, की इथपर्यंत आपले आणि इथून पुढे पोर्तुगिजांचे होते, इथे पेट्या उघडून तपासत. आम्हां मुलांना त्यात रस नव्हता. आमचे लक्ष पुढच्या घाटाकडे. इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात १८७८ साली तह झाला, त्यातून ही लाईन निघाली आणि १८८८ साली मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत गाडी धावू लागली. कॅसलरॉक ते कुळे हा सुमारे सव्वीस किलोमीटरांचा घाट ३७ ला १ अशा चढणीचा. म्हणजे सदतीस मीटर चालल्यावर एक मीटर वर. पायी माणसाला हा चढ फारसा जाणवायचा नाही, पण लोखंडी रुळावर फिरणाऱ्या लोखंडी चाकाचा तो जीव काढतो. मुरगावचा कोळसा घेऊन वर येणाऱ्या मालगाडीला पुढे दोन आणि मागून रेटायला तीन अशी पाच-पाच इंजिने लागलेली मी पाहिली आहेत. मागून रेटणाऱ्या इंजिनाला बँकर म्हणतात हे मला सातव्या वर्षी ठाऊक होते. पाढे मात्र तेराच्या पुढे येत नव्हते. पुढे मी हायस्कुलात गणिताचाच मास्तर झालो, हा दैवाचा विनोद.

नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले आणि मीटर गेजची गाडी आमच्या भागातून गेली. तिचे माझ्यापाशी एकही छायाचित्र नाही. आईच्या मांडीवर डोके ठेवून ज्या डब्यात मी झोपलो, तो कसा दिसत होता हे आता माझ्या आठवणीखेरीज कशावरूनही सिद्ध करता येणार नाही, आणि आठवण हा काही पुरावा नव्हे. या चुटपुटीतून कॅमेरा आला. प्रथम साधा, मग निवृत्तीनंतर चलच्चित्र घेणारा.

आगगाडी आणि चलच्चित्र यांचे नाते तसे जन्मापासूनचे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या फिती दाखवल्या गेल्या, तो आपल्या देशातला चित्रपटाचा पहिला खेळ. त्यातही स्टेशनात येणाऱ्या गाडीची एक फीत होतीच. हलते चित्र दाखवायचे तर हलणारी मोठी वस्तू हवी, आणि त्या काळी आगगाडीहून मोठी हलणारी वस्तू कोणती होती?

लोकांना वाटते, गाडी येते, बटण दाबायचे, झाले. तसे नाही. ताशी शंभर किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर जाते. छायाचित्रासाठी पडदा सेकंदाचा पाचशेवा हिस्सा उघडा ठेवला, तरी तेवढ्यात ती साडेपाच सेंटिमीटर सरकलेली असते आणि इंजिनावरचा नंबर पुसट येतो. चलच्चित्रात सेकंदाला पंचवीस चित्रे, म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत गाडी मीटरभर पुढे. मोबाईलचा कॅमेरा चित्र एकदम न घेता ओळीओळीने वरून खाली वाचतो, म्हणून वेगातल्या गाडीच्या खिडक्या त्यात तिरक्या दिसतात. जणू सबंध गाडीच वाऱ्याने कलली आहे. इंजिनाचा दिवा समोरून आला की कॅमेरा दिपतो आणि आजूबाजूचे रान काळे करून टाकतो. आमच्याकडच्या पावसाची तर निराळीच तऱ्हा. खानापूर तालुक्यात जून ते सप्टेंबर रान सर्वांत सुंदर असते, आणि त्याच काळात भिंगावर वाफ धरते, कॅमेरा गाडी सोडून पावसाच्या थेंबावर नजर रोखतो, पायाला जळवा लागतात.

आवाज हे तर चित्राहून अवघड प्रकरण. वारा आवाज खातो. अगदी निर्जन जागी जाऊन उभे राहावे, तर कुठून तरी एक गृहस्थ उगवतात आणि गाडी ऐन समोर असताना विचारतात, "कुठली गाडी हो ही?" माझ्या निम्म्या फितींत हे वाक्य आहे. तासभर उभे राहून ज्या एक्स्प्रेसची वाट पाहिली ती पलीकडच्या रुळावर येते न येते तोच अलीकडच्या रुळावरून मालगाडी आडवी येते, आणि एक्स्प्रेस पन्नासाहून जास्त वाघिणींच्या मागून निघून जाते. आता विजेच्या तारा आल्या, ठरावीक अंतरावर खांब आले. एकही डबा खांबाने कापल्यावाचून चित्रात येत नाही. विजेचे इंजिन आवाजही फारसा करत नाही. माझ्यासारख्याला ती तक्रार वाटते. रुळाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला तो धोका वाटायला हवा.

आणि पाठलाग. गाडी बेळगावात टिपायची, मोटारसायकलला किक मारायची, खानापूरच्या रस्त्याला लागायचे, देसूरजवळ पुन्हा गाठायची, पुढे खानापुरात आणि जमले तर गुंजीला. जमत नाही. कारण गाडीसाठी गेट पडते ते माझ्यासाठीही पडते. जिच्या मागे लागलो तीच मला अडवून पुढे जाते. गाडी एकदा चुकली की सबंध वर्ष चुकते असे वाटून माणूस रस्त्यावर जे करतो, ते मी वर्गात मुलांना करू नका म्हणून सांगत असे. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'तला आगगाडीचा प्रसंग १९५२ साली चित्रित करायला घेतला. पहिल्या दिवसानंतर परत गेले तर काशफुले गुरांनी खाऊन टाकलेली. ते पुढच्या वर्षीच्या फुलांसाठी थांबले. आम्ही पुढच्या गेटपर्यंत थांबत नाही. अशा धावपळीत एकच गाडी चार वेळा दिसते आणि एकदाही पुरती बघून होत नाही, कारण दर वेळी मन पुढच्या जागी गेलेले असते.

तर २०१८ च्या जुलैतली गोष्ट. खानापूर आणि गुंजी यांच्या दरम्यान एक वळण आहे. दोन्ही अंगांना जांभ्या दगडाची खोद, वर हिरवे रान, आणि रूळ असे वळतात की गाडी खोदीतून एकदम बाहेर पडते. त्या वेळी या मार्गावर डिझेल इंजिने होती. मी खडीच्या कडेला, रुळापासून आठ फुटांवर उभा राहिलो. आठ फूट मी पावलांनी मोजले होते. डब्याची रुंदी किती, रुळाबाहेर तो किती येतो, वाऱ्याचा झोत किती, याचा हिशेब मी केला होता. गणिताच्या मास्तराला तेवढे येते. लोंढ्याकडून एक्स्प्रेस आली. खोदीतून बाहेर पडताच तिने शिट्टी दिली, तीही एक-दोन सेकंद नव्हे, अकरा सेकंद. दोन्ही दरडींवर आपटून ती शिट्टी अशी घुमली, की अंगावर काटा आला. मग धडधडत डबे गेले, शेवटच्या डब्याचा लाल दिवा पावसात विरला, आणि एक टिटवी ओरडली. दोन मिनिटे चाळीस सेकंद. मध्ये 'कुठली गाडी हो ही' नाही. आयुष्यात एकदाच असे जमते. या फितीला मी नाव दिले 'निर्जन वळण'.

ती फीत मी किती जणांना दाखवली असेल याची गणती नाही. सगळे एकाच गोष्टीची वाहवा करत, ती शिट्टी. कोणी म्हणाले, इंजिन तुम्हाला सलाम करते आहे. मलाही तसेच वाटत असे, आणि ते नाकारण्याइतका मी विनयी नाही.

२०२३ च्या दिवाळीत आमच्या गल्लीत नव्याने राहायला आलेले एक गृहस्थ फराळाला आले. रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. आता त्या पदाला लोको पायलट म्हणतात, पण ते स्वतःला ड्रायव्हरच म्हणवतात, आणि गल्ली त्यांना मामा म्हणते. त्यांच्यापुढे आपली कला दाखवावी म्हणून मी टीव्हीवर फीत लावली. मामांनी चकली खाली ठेवली.

"परत लावा बघू ते."

मी कौतुकाने परत लावली.

"ही शिट्टी कुणासाठी, सर?"

"फाटक असेल पुढं."

"तिथं फाटक कुठलं? एवढी वर्षं गाडी नेली मी तिथनं. शिट्टीची पाटीसुद्धा नाही त्या वळणावर." मग ते जरा थांबून म्हणाले, "ही तुमच्यासाठी होती."

मी हसलो. "म्हणजे सलामच की."

"सलाम असा नसतो हो. ओळखीचं कुणी दिसलं तर आम्ही दोनदा हळूच वाजवतो. हा बघा, सोडतच नाही. दाबून धरलंय त्यानं. आणि आता ऐका, इंजिनचा आवाज पडला का नाही? पॉवर काढली. ब्रेकवर हात गेला असणार त्याचा."

इंजिनाचा आवाज तिथे पडतो हे मला ठाऊक होते. वळणामुळे पडतो, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. लोकांनाही तसेच समजावून सांगत असे. त्या दिवशी तिसऱ्यांदा फीत लावली तेव्हा मला दुसरे काही ऐकूच येईना.

मामा पुढे जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत देतो. "शंभरच्या स्पीडची गाडी ब्रेक लावल्यावर थांबायला किलोमीटरभर जाते. म्हणजे तो ब्रेक तुमच्यासाठी नव्हेच. आपण काहीतरी केलं, एवढंच त्यात. वळण संपलं की माणूस दिसतो. तो फोटो काढायला आलाय की आणि कशाला, ते वरनं कळत नाही. चेहरा दिसला तर कळेल. पण चेहरा दिसेपर्यंत जे व्हायचं ते झालेलं असतंय."

मी विचारले, तुमच्या हातून असे किती वेळा झाले? त्यांनी आकडा सांगितला नाही. म्हणाले, "झालं की पुढच्या स्टेशनात मेमो द्यायचा आणि गाडी पुढं न्यायची. पॅसेंजर असतात ना मागं. ड्यूटी संपली की घरी जाऊन जेवायचंपण." मग त्यांनी चकली उचलली आणि विषय बदलला.

त्या रात्री मी मनातल्या मनात माझे वकीलपत्र घेतले. पहिला मुद्दा, मी आठ फुटांवर होतो, सुरक्षित होतो, हिशेब करून उभा होतो. हे खरे आहे. पण हिशेब माझ्या डोक्यात होता. ज्याला त्याची गरज होती, तो इंजिनात बसलेला होता. माझा सावधपणा त्याला दिसण्याची काही सोय मी केली नव्हती. त्याला दिसला तो पावसात रुळाकडेला स्तब्ध उभा असलेला एक म्हातारा, हातात काहीतरी काळे, आणि गाडीकडे बघूनही न हलणारा. न हलण्याचे कारण कॅमेरा हलू नये हे होते. मामा म्हणतात तसे, दुसऱ्या कारणासाठी आलेली माणसेही हलत नाहीत.

दुसरा मुद्दा, झाले काहीच नाही. गाडी वेळेवर गेली असेल, मी घरी आलो, कोणत्याच वहीत नोंद नाही. या मुद्द्यावर मी बरेच दिवस रेंगाळलो, कारण आपले व्यवहारातले नीतिशास्त्र बहुतेक यावरच चालते: नुकसान झाले नाही, तर अपराध कसला? परंतु विहिरीच्या कठड्यावरून मूल चालते आहे आणि आई अंगणातून बघते आहे असे समजा. मूल मजेत आहे, तोल सांभाळून आहे, आणि पलीकडे सुखरूप उतरते. काही झाले नाही, असे मूल म्हणेल. आईला म्हणता येईल? तिच्यापुरते सगळे होऊन गेलेले असते. फक्त प्रेत तेवढे नसते. त्या अकरा सेकंदांत ड्रायव्हरच्या मनात मी एकदा मेलो होतो, आणि मारणारा तो होता. पुढे मी वाचलो ही बातमी त्याला मिळाली, पण आधीचे सेकंद त्यामुळे परत घेता येत नाहीत.

तिसरा मुद्दा वकील लोक शेवटी काढतात तसा: त्यांना सवय असते. दिवसाकाठी वीस माणसे रूळ ओलांडताना दिसतात, तिथे एकविसाव्याचे काय एवढे? सवय असते हे खरेच असावे. पण सवय कशाची करून घ्यावी लागली, हे बघितले की हा मुद्दा बचावाचा न राहता आरोपपत्रात जातो.

निवृत्तीनंतर मी उपनिषदे थोडीफार चाळली. मुंडकात एका झाडावरच्या दोन पक्ष्यांची गोष्ट येते: एक फळ खातो, दुसरा नुसता बघतो. कॅमेरा घेऊन उभा राहणाऱ्या माणसाला हा दुसरा पक्षी फार आवडतो. मी कशात नाही, मी कशाला हात लावत नाही, मी केवळ साक्षी आहे. छंदिष्टाचे हे आवडते तत्त्वज्ञान मीही वर्षानुवर्षे बाळगले. पण त्याच ठिकाणी पुढे असे आहे की, खाणारा पक्षी त्या बघणाऱ्याला पाहतो तेव्हा त्याचा शोक नाहीसा होतो. आमच्या वळणावर नेमके उलटे झाले. काम करणाऱ्याने बघणाऱ्याला पाहिले, आणि तिथून त्याचे भय सुरू झाले. साक्षी असल्याचा माझा दावा या एका परीक्षेत नापास झाला. मी त्याला बघत होतो, तेव्हा तोही मला बघत होता. एवढी साधी गोष्ट एवढ्या वर्षांत माझ्या ध्यानात आली नव्हती.

आणि मग त्या फितीचे काय? 'निर्जन वळण' असे मी तिला म्हटले. बघायला कोणी नसते तेव्हा गाडी तिथून कशी जाते, ते मी पकडले, असा माझा अभिमान. ती तशी जात नाही. ती तिथून शिट्टी न देता, पॉवर न काढता जाते. ज्या आवाजासाठी लोक वाहवा करतात, तो माझ्या तिथे असण्याचा आवाज आहे. चित्रात मी कुठेच दिसत नाही, आणि सगळे चित्र माझ्याबद्दल आहे.

इथे अमेरिकेतल्या एका छायाचित्रकाराची आठवण होते. त्याच्याशी मी मनातल्या मनात पुष्कळ वर्षे भांडत आलो आहे. ओ. विन्स्टन लिंक. १९५५ पासून पाचेक वर्षे त्याने नॉर्फोक अँड वेस्टर्न या रेल्वेची वाफेची इंजिने टिपली, तीही बहुतेक रात्री. शेतात, घरांच्या परसात झगझगीत दिव्यांच्या माळा लावून, तारा अंथरून, गाडी नेमक्या जागी आली की सगळे दिवे एका क्षणात उडवून. त्याचे सर्वांत गाजलेले चित्र १९५६ चे. मोटारीत बसून बघायच्या उघड्या चित्रपटगृहात जोडपी बसली आहेत, पडद्यावर जेट विमान आहे, आणि मागून वाफेचे इंजिन धडधडत चालले आहे. या चित्रातले विमान त्याने मागाहून जोडले, कारण दिव्यांच्या झोतात पडदा कोरा पडला होता. माणसेही त्याने ठरवून बसवलेली. हे वाचल्यापासून मला त्याचा राग. हे कसले चित्र? हे तर नाटक. मी बघा, न सांगता, न ठरवता, जसे आहे तसे टिपतो.

आता तो राग उरला नाही. लिंक रेल्वे कंपनीची परवानगी घेऊन काम करत असे. दिवे कुठे लागणार, माणूस कुठे उभा असणार, हे गाडी चालवणाऱ्यांना अंधारात अचानक कळत नसे. त्याच्या चित्रात विमान खोटे आहे, पण त्या इंजिनात कोणाचा हात दचकून ब्रेकवर गेला नव्हता. माझ्या चित्रात सगळे खरे, आणि तेवढ्या एका गोष्टीने ते बाद. खोटे विमान आणि निर्धास्त ड्रायव्हर, की खरी शिट्टी आणि भेदरलेला ड्रायव्हर, यांत निवड करायची तर मी आज पहिले घेईन. आनंदाने घेईन असे नाही. न सांगता टिपलेल्या क्षणात जे असते, ते मांडून आणलेल्यात येत नाही, हे मला अजून वाटते. पण कलेसाठी धोका पत्करावा हे जे म्हणतात, त्यात धोका आपला असावा लागतो. इथे हिशेब चुकला असता, तर मी सुटलो असतो. पुढे पंचवीस वर्षे त्या वळणावरून गाडी नेणारा तो होता.

हे एकट्यादुकट्याचे दुखणे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये इंग्लंडात 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे १९२३ सालचे इंजिन दुरुस्तीनंतर लंडनहून यॉर्ककडे निघाले, तेव्हा बघ्यांनीच रुळांवर येऊन त्याला वाटेत थांबायला लावले. जपानात गाड्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी 'तोरितेत्सु' असा स्वतंत्र शब्दच आहे, आणि तिथल्या वर्तमानपत्रांत तो पुष्कळदा तक्रारीच्या सुरात येतो. आपल्याकडे जुलै २०२३ मध्ये दूधसागरला रुळांवरून चालत गेलेल्या पर्यटकांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. ती दृश्ये सगळ्या देशाने पाहिली. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्याचे कलम १४७ आगंतुकाला सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड सांगते, किंवा दोन्ही. उठाबशा त्यात कुठेच नाहीत. मोठ्या माणसांना असे चारचौघांत अपमानित करणे मला तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही. मामांना विचारले, तर ते म्हणाले, "उठाबशांनी काय होतंय? एकेकाला इंजिनात शेजारी बसवून घाट उतरवा. पावसात. कुणी बोलायचं नाही, नुसतं समोर बघायचं."

मी त्यांना विचारले, मग आम्ही बघायचेच नाही का? त्यावर त्यांनी मला चकित केले. म्हणाले, "तसं कुठं म्हटलं? शेतातनं पोरं हात करायची ते मला लई बरं वाटायचं. रात्रीची ड्यूटी करून सकाळी गाडी आणायचो, आणि बांधावर कुणीतरी उभं असायचं. बघा की. पण लांबनं." म्हणजे बघण्यात अपराध नव्हता. जवळ जाण्यात होता, आणि जवळ जाण्याची मला जी निकड वाटत होती तिचा गाडीशी संबंध फार थोडा. लांबून घेतलेली फीत कोणी दोनदा लावा म्हणत नाही, हे मला ठाऊक होते.

प्रकरण इथवर आले असते तर मी ते माझ्यापाशीच ठेवले असते. पण नातू पुण्याहून सुटीत आला. नववीत आहे, आणि छंद माझ्याकडून उचललेला. म्हणाला, "आजोबा, मला त्या वळणावर न्या ना. तिथं उभं राहिलं की हॉर्न मिळतो." मिळतो! त्याच्या मोबाईलवर माझी फीत होती, त्याच्या मित्रांच्या मोबाईलवर होती, आणि त्यांतले दोघे त्या वळणाचा पत्ता शोधत होते. मी काय केले? मी खोटे बोललो. म्हणालो, दुसरी लाईन टाकताना ती खोद कापली, वळण राहिले नाही. नातू हिरमुसला. मामा तिथेच होते. तो आत गेल्यावर म्हणाले, "त्याला फसवून किती दिवस पुरेल? गुंजीला तो उद्या एकटा जाईल."

संध्याकाळी मी नातवाला बसवून फीत लावली आणि शिट्टी कोणासाठी होती ते सांगितले. इंजिनाचा आवाज कुठे पडतो ते दाखवले. पस्तीस वर्षे मी मुलांसमोर खडू घेऊन उभा राहिलो, पण फळ्यावर स्वतःची चूक लिहून ती समजावून सांगण्याचा प्रसंग फारसा आला नव्हता. त्याने तीनदा ऐकले. मग विचारले, "मग पुसून टाकणार तुम्ही?"

पुसलेली नाही. पुसली तर ड्रायव्हरच्या त्या अकरा सेकंदांचा एकमेव पुरावा जाईल, असे मी स्वतःला सांगतो. त्यात एवढी सुंदर फीत हातची जाऊ नये हा लोभ किती आणि पुराव्याची काळजी किती, हे मला नीट वेगळे करता येत नाही. नाव मात्र काढून टाकले आहे. आता तिच्यावर फक्त तारीख आहे. दाखवायची झाली, तर शिट्टीची हकिगत आधी सांगतो; मग वाहवा होत नाही, लोक गप्प बसतात आणि चहा घेऊन जातात.

या ऑगस्टात आम्ही तिघे गुंजीकडे गेलो. ओळखीच्या एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या भाताच्या बांधावर उभे राहिलो. रूळ तिथून दोनशे पावले तरी असावेत. मध्ये भात, पलीकडे खांब आणि तारा. गाडी दीड तास उशिरा आली. विजेचे इंजिन, फारसा आवाज नाही. डबे खांबांनी कापलेले, त्यात पाऊस. नातवाने ती शेवटच्या डब्यापर्यंत टिपली आणि मोबाईल खाली केला.

"हॉर्न नाही दिला," तो म्हणाला.

"नाही दिला," मामा म्हणाले, आणि चपला हातात घेऊन बांधावरून पुढे चालू लागले.